लग्नात वाजवायला मी तयार आहे का? नव्या डीजेंकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंट्रोलरवर (लॅपटॉपला जोडून गाणी मिसळायच्या यंत्रावर) हात बसला की पहिली सुपारी बहुतेक वेळा लग्नाचीच येते. ओळखीतलं कुणीतरी म्हणतं, ‘तू वाजवतोस ना, मग आमच्याकडे तूच ये.’ लग्नसराईच्या तोंडावर नवी मुलं-मुली मला साधारण पुढचेच प्रश्न विचारतात. उत्तरं महाराष्ट्रातली लग्नं डोळ्यांपुढे ठेवून दिली आहेत; वसई-गोव्याकडे जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

बीटमॅचिंग (दोन गाण्यांचे ठेके जुळवणं), लूप (एकच तुकडा फिरवत ठेवणं), इफेक्ट सगळं जमतं. लग्न घ्यायला आणखी काय लागतं?

कार्यक्रम सांभाळता यायला लागतो. लग्नात डीजेकडे गाण्यांखेरीज बरंच काही येतं: गुरुजींचा माइक, मामांना स्टेजवर बोलवायची सूचना, जेवणाची पंगत चालू असतानाचा आवाज, नवरीच्या एंट्रीचं गाणं, हरवलेल्या मुलाची घोषणा. यातलं काहीही चुकलं तरी ते घर तो प्रसंग वर्षानुवर्षं सांगत राहतं. मिक्स थोडा घसरला तर नाचणाऱ्यांना कळतही नाही. मंगलाष्टकांच्या वेळी माइक मेला तर सगळ्या मांडवाला कळतं.

म्हणून ‘मिक्सिंग येतं’ एवढ्यावर लग्न घेऊ नका. आणि मिक्सिंग अगदी सफाईदार नसेल तर त्यासाठी थांबूनही राहू नका. एक गाणं संपवून दुसरं योग्य वेळी, योग्य आवाजात लावणारा शांत डोक्याचा डीजे लग्नात चालतो. हात सुंदर चालतात पण समोर बघत नाही, असा चालत नाही.

मग तयार झालो हे नेमकं ओळखायचं कसं?

घरीच काही परीक्षा घेता येतात, आणि त्या खऱ्या कठीण आहेत.

पहिली, सलग चार तास वाजवा, आधी काहीही न ठरवता. समोर घरातली माणसं बसवा. आजी, काका, धाकटी बहीण, सगळ्यांनी मनात येईल ते गाणं मागायचं. एक गाणं चालू असताना दुसरं अर्ध्या मिनिटात सापडलं पाहिजे. इथे बहुतेकांचं पितळ उघडं पडतं, कारण गाणी असतात पण नावं ‘ट्रॅक ०१’, ‘न्यू मिक्स फायनल’ अशी असतात.

दुसरी, मित्राला सांगा की तुम्हाला न कळवता मध्येच कुठलीतरी वायर काढ. यूएसबी, मास्टरची (मुख्य आवाज बाहेर नेणारी) पिन, लॅपटॉपचा चार्जर, काहीही. बिघाड कुठे आहे हे शोधून मिनिटभरात आवाज परत आणता आला पाहिजे. त्या मिनिटात तुमचा चेहरा कसा होता हेही त्यालाच विचारा. गर्दी डीजेच्या चेहऱ्याकडे बघून ठरवते की काही बिनसलं आहे की नाही.

तिसरी, दुसऱ्याच्या सिस्टिमवर वाजवून बघा. अनोळखी मिक्सर, अनोळखी टॉप (शब्द ऐकवणारे वरचे स्पीकर) आणि बेस (घुमणारे खालचे), लांब वायरी. स्वतःच्या खोलीत सगळं बरोबर वाजतं. कार्यालयाच्या पत्र्याच्या शेडखाली तोच बेस गडगडाट करतो आणि गायकाचा शब्दही कळत नाही.

चौथी परीक्षा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: गाणं बंद करता येतं का? ऐन रंगात आलेलं नाचकाम वडीलधाऱ्यांनी हात केल्यावर वाद न घालता, धडकन न तोडता, दहा सेकंदांत खाली आणता आलं पाहिजे. नव्या डीजेला ‘आता कुठे माहोल बनला’ असं वाटत असतं. मुहूर्त त्याच्यासाठी थांबत नाही.

या चारही गोष्टी दोन-तीनदा नीट जमल्या की छोटं काम घ्यायला तुम्ही तयार आहात.

क्लासचं सर्टिफिकेट लागतं का?

नाही. लग्नघरचं कुणीही ते मागत नाही. क्लासचा खरा फायदा म्हणजे चांगल्या सामानावर हात बसतो आणि चुका दाखवणारं कुणीतरी असतं. तो मिळत असेल तर जरूर जा.

पहिलं काम कुठलं घ्यावं? वरात घेऊ का?

वरात सगळ्यात शेवटी. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येकाला आधी वरातच हवी असते, कारण दिसते तीच.

आधी एखाद्या साउंडवाल्याबरोबर हेल्पर म्हणून जा. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे सिस्टिमला ‘डॉल्बी’ म्हणतात, इतरत्र सगळ्या सामानालाच ‘डीजे’ म्हणतात. नाव काहीही असो, टॉप उचला, वायरी गुंडाळा, अर्थिंग कसं घेतात ते बघा. एक लग्नसराई असं फिरलात तर पुढची अनेक वर्षं उपयोगी पडेल. मग वाढदिवस, बारसं, डोहाळजेवण घ्या. इथे माणसं कमी, घरातली, आणि सांभाळून घेणारी असतात. त्यानंतर साखरपुडा, मग रिसेप्शन. रिसेप्शनमध्ये आवाज मंद ठेवायचा असतो आणि क्रम ठरलेला असतो, म्हणून नव्यांसाठी ते बरं.

हळदीबद्दल जपून. शहरातल्या फ्लॅटमधली दुपारची हळद सोपी आहे. रायगड, ठाणे, पालघरकडच्या आगरी-कोळी हळदीचं तसं नाही. तिथली गर्दी गाण्यांच्या बाबतीत तुमच्यापेक्षा जास्त जाणते, आणि कुठल्या गाण्यानंतर कुठलं यावं हे तिला पाठ असतं. तिथे धवलारीण (लग्नविधीची पारंपरिक गाणी म्हणणारी बाई) धवले गायला बसली असेल तर तुमची सिस्टिम पूर्ण बंद हवी, नुसती हळू नव्हे. अशा चार-पाच हळदी मागे उभं राहून पाहिल्याशिवाय पुढे उभं राहू नका.

वरातीत गाणी हा सर्वात लहान प्रश्न. चालती गाडी, तिच्यावर रचलेले बॉक्स, चाकांजवळ नाचणारी लहान पोरं, रस्त्यावर लोंबणाऱ्या विजेच्या तारा, मागे अडकलेली रुग्णवाहिका, हे सगळं एकाच वेळी बघावं लागतं. गाडीची उंची आधी मोजा, मार्ग दिवसा चालून बघा, आणि चालकाबरोबर खूण ठरवा: हात वर झाला की गाडी जागच्या जागी थांबणार. ही तयारी एकट्याने होत नाही. दोन भरवशाची माणसं बरोबर नसतील तर वरात घेऊ नका.

गाणी किती लागतात?

आकड्यापेक्षा पसारा महत्त्वाचा. हजार गाणी एकाच चालीची असतील तर रात्री नऊनंतर हात रिकामे होतात. लग्नात तीन पिढ्या नाचतात. हिंदी सिनेमातली जुनी-नवी, मराठी सिनेमातली, कोळीगीतं, लावण्या, गोंधळ, पंजाबी, शेवटी सगळ्यांना गोळा करणारी गणपतीची. धुळे-जळगावकडे अहिराणी गाणी नसतील तर घरी परत जावं लागेल. बौद्ध कुटुंबाच्या लग्नात भीमगीतं हवीतच, आणि ती ऐन वेळी नेटवर शोधायची गोष्ट नाही. कुठली वंदनेच्या भावाची आणि कुठली नाचायची, हा फरक आधी ऐकून समजून घ्या. मुंबईकडे बेंजो आणि नाशिक ढोलावरचे रोडशो मिक्स मागतात, कोल्हापूरकडे हलगी. लग्न ठरलं की घरच्यांना हे दोन प्रश्न विचारा: तुमच्याकडे कोणत्या गाण्यावर सगळे उठतात, आणि कोणतं गाणं अजिबात वाजायला नको? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा जास्त कामाचं असतं. घरात नुकतंच कुणी गेलेलं असतं, कुणाच्या नावावरून चिडवाचिडवी झालेली असते.

सगळं डाउनलोड केलेलं हवं. कार्यालयात पाचशे माणसांच्या मोबाइलमध्ये रेंज वाटली जाते, तिथे स्ट्रीमिंगवर भरवसा ठेवू नका. फाइल ३२० केबीपीएसची (चांगल्या दर्जाची) किंवा वेव्ह (न दाबलेली) घ्या. व्हिडिओवरून उतरवलेलं गाणं इअरफोनवर ठीक वाटतं, मोठ्या टॉपवर पत्र्यासारखं वाजतं. पेनड्राइव्ह दोन ठेवा, फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलेले. एनटीएफएस केलेला पेनड्राइव्ह डीजे प्लेअर सहसा वाचत नाहीत.

कोळीगीतं आणि जुनी मराठी गाणी सिंकला (सॉफ्टवेअरच्या आपोआप ठेका जुळवण्याला) बसतच नाहीत. माझं काय चुकतंय?

तुमचं काही चुकत नाही, सॉफ्टवेअर चारच्या हिशोबात मोजतं. अनेक कोळीगीतं आणि लावण्या सहाच्या चालीत आहेत, म्हणजे तबलजी ज्याला दादरा म्हणेल त्या अंगाच्या. आजचं नाचायचं बहुतेक संगीत चारच्या, म्हणजे केरव्याच्या जवळचं. सॉफ्टवेअर सहाच्या गाण्याचा वेग कधी दीडपट दाखवतं, कधी दोन तृतीयांश, आणि सिंक दाबलं की दोन्ही गाणी एकमेकांच्या पायात पाय घालतात. अशी गाणी एकावर एक चढवूच नका. ओळ संपू द्या, समेवर कापा, किंवा शेवटच्या शब्दावर इको सोडा आणि नवीन गाणं स्वच्छ पहिल्या मात्रेवर टाका. टाळ्या पडत असतील तर दोन सेकंदांचा मोकळा श्वासही चालतो.

दुसरी अडचण जुन्या ध्वनिमुद्रणांची. ती वादक एकत्र बसवून, क्लिकशिवाय (कानात टिकटिक ठेका न लावता) वाजवलेली आहेत. अंतऱ्यात वेग किंचित वाढतो, धृपदावर सावरतो. म्हणून सुरुवातीला बसवलेली ग्रिड (सॉफ्टवेअरमधल्या मात्रांच्या खुणा) मिनिटभरात सरकते. ज्या भागात मिक्स करायचा आहे तेवढ्याच भागाची ग्रिड हाताने बसवा, चार किंवा आठ मात्रांचा लूप घ्या, आणि बाकी जॉगने (कंट्रोलरच्या फिरत्या चाकाने) सांभाळा. ही गाणी आवाजातही हळू असतात. आधी गेन (येणाऱ्या आवाजाची पातळी) वाढवून पातळी जुळवा, मग फेडर (आवाजाची सरकपट्टी) उघडा. नाहीतर नवं गाणं आलं की लोक दचकतात, जुनं आलं की नाच पडतो.

मला विचाराल तर हा सराव म्हणजेच लग्नाच्या डीजेचं खरं शिक्षण. हाउस संगीत मिनिटाला १२४ ठोक्यांच्या वेगावर तासभर मिसळणं याच्यापुढे फार सोपं आहे. आणि या गाण्यांना हात लावताना त्यांचा ठेका मोडू नये, ही आपली जबाबदारीही आहे.

विधी चालू असताना काय वाजवायचं?

बहुतेक वेळा काहीच नाही. मंगलाष्टकं चालू असताना मास्टर खाली, फक्त माइक वर. ‘शुभमंगल सावधान’ झालं, अक्षता पडल्या की सनई किंवा वाजंत्री. तिथे बाहेर ताशा-बँड असेल तर त्यांचं वाजू द्या, त्यांच्यावर चढू नका. गुरुजींना आधी भेटा, क्रम विचारा, त्यांचा माइक तपासा. बिनतारी माइकचे सेल दर कार्यक्रमाला नवे घाला. माइक शिट्टी मारत असेल तर तो टॉपच्या समोर आहे. जागा बदला, आवाज कमी करत बसू नका.

बौद्ध विवाहात त्रिशरण-पंचशील होईपर्यंत पूर्ण शांतता ठेवा. वसई आणि गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नांत रिसेप्शनचा क्रम पक्का असतो: आगमन, मार्च, केक, टोस्ट, नवदांपत्याचा पहिला नाच. तिथे सूत्रसंचालक आणि बँड असतो, डीजे त्यांच्या मधल्या जागा भरतो. नावं बरोबर उच्चारणं सगळीकडे सारखंच महत्त्वाचं. वधूवरांची, आईवडिलांची नावं कागदावर देवनागरीत लिहून घ्या आणि मोठ्याने म्हणून बघा.

कोणता कंट्रोलर घेऊ? सिस्टिमही विकत घेऊ का?

सुरुवातीला पायोनियरचा डीडीजे-एफएलएक्स४ किंवा त्या वर्गातला दोन चॅनलचा कंट्रोलर पुरतो. त्याच्या मास्टरला आरसीए पिना असतात, हे लक्षात ठेवा. आरसीएची लांब वायर ओढली की घरघर येते. कंट्रोलरपासून मिक्सरपर्यंत वायर आखूड ठेवा आणि पुढे एक्सएलआरने (लांब अंतराला चालणाऱ्या तीन पिनांच्या वायरीने) जा, किंवा मध्ये डीआय बॉक्स (घरघर रोखणारी जोडणीची पेटी) लावा.

सिस्टिम विकत घेऊ नका. पहिली दोन वर्षं तरी भाड्याने किंवा साउंडवाल्याशी भागीदारीत काम करा. कर्ज काढून टॉप-बेस घेतले की हप्त्यासाठी मिळेल ते काम घ्यावं लागतं, आणि मग तयारी नसताना वरातीही घेतल्या जातात.

बिघाडासाठी काय बरोबर ठेवू?

दुसरा पेनड्राइव्ह, मोबाइलमध्ये दोन तासांची ऑफलाइन यादी आणि तो मिक्सरला जोडायची पिन. प्रत्येक प्रकारची एक जादा वायर. टेस्टर, टॉर्च, इन्सुलेशन टेप. लॅपटॉपसाठी लहान यूपीएस, कारण जनरेटर बदलताना क्षणभर वीज जाते. लॅपटॉपचे अपडेट, नोटिफिकेशन आणि स्लीप बंद. कार्यालयात आवाज आणि लाइट वेगवेगळ्या फेजवर घ्या, आणि अर्थिंग नसलेल्या बोर्डावर काहीही लावू नका, घरमालक कितीही ‘चालतंय हो’ म्हणाले तरी. पाऊस किंवा मांडवात धुतलेली जमीन असेल तर अजिबातच नाही.

मिक्सरवर लाल दिवा लागू देऊ नका. आवाज फाटला की टॉपचा डायाफ्राम उडतो, आणि तो बऱ्याचदा भाड्याच्या सिस्टिमचा असतो. लेझर असेल तर माणसांच्या डोळ्यांच्या वर रोखा. फोटोग्राफरच्या कॅमेऱ्याचा सेन्सरही त्याने जळू शकतो.

फर्माईशी आणि प्यायलेले पाहुणे कसे सांभाळायचे?

कार्यक्रमाआधी घरातला एकच माणूस ठरवून घ्या. वादाचं सगळं त्याच्याकडे. ‘दादा, लावतो, दोन गाण्यांनंतर’ म्हणा आणि खरंच लावा. दिलेला शब्द पाळला की तोच माणूस नंतर तुमच्या बाजूने उभा राहतो. जातीवरून डिवचणारं, कुणाला खिजवायला मागितलेलं गाणं लावायचं नाही. दोन गट समोरासमोर नाचत असतील तर असं एक गाणं मारामारीला पुरतं. डीजेच्या टेबलावर ग्लास ठेवू देऊ नका, आणि काम असताना स्वतः घेऊ नका.

रात्री १० ला बंद करावंच लागतं का?

उघड्यावर असाल तर हो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. सभागृहासारख्या बंदिस्त जागेत, आतल्या आत, सूट आहे. पण बाहेर जाणाऱ्या आवाजाची मर्यादा तिथेही लागू होते. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं, ती सण-उत्सवांसाठी. तुमच्या लग्नाची तारीख त्यात आपोआप येत नाही. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असतं. ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलीस ठाण्यातून घरच्यांनी काढायची, पण तिची प्रत तुमच्या खिशात हवी.

साडेनऊला यजमानांना आठवण करा आणि पावणेदहाला शेवटचं गाणं घोषित करा. ‘अजून एक’ला अंत नसतो.

लग्नात गाणी वाजवायला परवाना लागतो का?

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ (१) (झेडए) मध्ये धार्मिक समारंभाला सूट आहे, आणि त्याच्या स्पष्टीकरणात लग्नाची वरात व लग्नाशी निगडित इतर सामाजिक सोहळे धरले आहेत. केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाने २४ जुलै २०२३ ला हीच बाब सूचना काढून सांगितली. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये काढलेलं अशाच आशयाचं परिपत्रक मात्र मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केलं. कायद्यातलं कलम कायम आहे. वाद असतो तो कुठला सोहळा त्यात बसतो यावर. मोठी हॉटेलं म्हणूनच गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांचं ना-हरकत पत्र मागतात. ते मिळवायची जबाबदारी यजमानांची की हॉटेलची, हे आधी लिहून घ्या. कंपनीची पार्टी किंवा तिकीट लावलेला कार्यक्रम या सवलतीत येत नाही. आणि वाजवायची सूट म्हणजे चोरीची फाइल उतरवायची सूट नव्हे.

पैसे किती सांगू? ओळखीत फुकट वाजवू का?

भाव तालुक्यागणिक बदलतो, म्हणून आकडा देत नाही. तुमच्या भागातल्या अनुभवी डीजेपेक्षा कमी घ्या, पण भाडं, वाहतूक, हेल्परची मजुरी आणि जेवण सुटून काहीतरी उरलं पाहिजे. सख्ख्या बहिणीचं लग्न सोडलं तर फुकट वाजवू नका. फुकटच्या डीजेकडे कुणी क्रम देत नाही, वेळ पाळत नाही, आणि दुसऱ्या कुणाची रोजी मारली जाते.

इसार घेतल्याशिवाय तारीख लिहू नका. व्हॉट्सअॅपवर साध्या मराठीत पाठवा: तारीख, ठिकाण, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, सिस्टिम कुणाची, जनरेटर कुणाचा, परवानगी कुणी काढायची, सामानाचं नुकसान झालं तर काय. समोरून ‘ठीक आहे’ आलं पाहिजे.

मी मुलगी आहे. घरचे म्हणतात रात्रीची कामं नकोत.

त्यांची काळजी खरी आहे, आणि त्यावर उपाय आहेत. दिवसाची हळद, संगीत, रिसेप्शन यांत भरपूर काम आहे. अनेक घरांत बायकांच्या कार्यक्रमाला मुलगीच डीजे हवी असते. स्वतःचा हेल्पर आणि परतीची गाडी पैशांत धरा, आणि टेबल भिंतीला पाठ करून लावायला सांगा. ही अट मुलांनीही घालावी अशीच आहे.

कानांचं काय?

अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेच्या निकषानुसार ८५ डेसिबलला आठ तास आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं सुरक्षित. बेसजवळ तुम्ही चार तास उभे असता. आवाज न बिघडवता कमी करणारे इअरप्लग मिळतात, ते पहिल्या कमाईतून घ्या. घरी गेल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली तर दुसऱ्या दिवशी काम ठेवू नका, आणि ती टिकली तर कानाच्या डॉक्टरांकडे जा.

सुपारी घेतली आहे आणि आता जमेल असं वाटत नाही. काय करू?

तारखेला महिना बाकी असेल तर घाबरायचं कारण नाही. वरच्या चार परीक्षा या आठवड्यात द्या. एखादीच राहत असेल तर सराव करा आणि त्या दिवशी एक जाणता ऑपरेटर बरोबर घ्या, त्याचे पैसे तुमच्या हिश्शातून द्या. दोन-तीन राहत असतील तर आजच यजमानांना फोन करा. काम अनुभवी डीजेकडे सोपवा, इसार पूर्ण परत करा किंवा त्याच्याकडे वळता करा, आणि त्याला विचारा की मी हेल्पर म्हणून येऊ का. बहुतेक जण हो म्हणतात. लग्नाला दोन दिवस उरलेत आणि तारीख तिथीची असेल तर मात्र माघार घेऊ नका, कारण त्या तिथीला दुसरा डीजे मोकळा मिळत नाही. यादी छोटी करा, मिक्सिंग विसरा, माइक आणि क्रम एवढंच पक्कं करा आणि वेळेच्या दोन तास आधी कार्यालयात पोहोचा.